गरम दुधाची डिग्री

आमच्या मंडळींनी जन्मात दुधात पाणी घातलं न्हाय. हे आधी सांगतो, मग बाकीचं.

दुष्काळाचं साल. शेतात काही न्हाय, दावणीला एक म्हैस तेवढी उरलेली. घर दूध सोसायटीच्या भिंतीला लागून. बायको धार काढायची आणि मी चरवी घेऊन पळायचो. दूध ऊन ऊन, फेसासकट, गावात सगळ्यात आधी आमचं. त्याचा मला लई तोरा.

एका सकाळी तीबी माझ्यासंगं आलेली, अन् सेक्रेटरीनं दुधात नवं आणलेलं लॅक्टोमीटर सोडलं. काचेची नळी गपकन खाली गेली.

"वहिनी, पाणी जास्त झालंय. उद्या असंच आलं तर दूध बंद."

चारचौघांत तिचा चेहरा उतरला, जीभ न्हाय उतरली. "भाऊजी, टँकरची वाट बघून डोळे फुटायची पाळी आली. घरात पाणी असतं तर तुमच्या तोंडावर मारलं असतं, दुधात कशाला घालू? येडाईची आण!"

आणि लांबच्या वस्तीवरून गारठ्यात चालत येणाऱ्या म्हाताऱ्याचं दूध मात्र पास!

दुसऱ्या दिवशी तालुक्याचा डेअरीसाहेब आलेला. त्यानं चरवीला हात लावला अन् हसला. "गार होऊ द्या, मग मोजा."

चरवी ओट्यावर ठेवली. कुणी बोट दाखवू नये म्हणून ही तिथंच फतकल मारून बसली. उन्हं अंगणात आल्यावर पुन्हा नळी सोडली. डिग्री बरोबर भरली.

साहेब म्हणाला, "दुधातल्या तुपाचे रेणू लांबुडके असतात. उबेत कसेही पसरून जागा खातात, म्हणून दूध हलकं. गारठ्यात एकाशेजारी एक नीट लागतात, तेवढ्याच जागेत जास्त मावतात. दूध जड होतं."

"मग बर्फ कसा तरंगतो?" म्या शहाणपणा केला.

"पाण्याचे रेणू उलटे. गोठताना एकमेकाला धरून अंतरानं उभे राहतात. मधी पोकळ."

"पंचमीला बाया हात धरून फेर धरतात, तसं," ही म्हणाली, अन् माझ्याकडं वळली. "तुपाचे रेणू मात्र तुमच्यावाणी. उन्हाळ्यात हातपाय ताणून मला बाजेखाली ढकलता. थंडीत बरं एका वाकळंत मावता!"

सगळी सोसायटी हसली. सेक्रेटरी पुटपुटला, "वहिनी, चुकलं."

"ते राहू द्या. दूध घ्या आधी."

ती गेल्यावरची ही पहिली थंडी. वाकळ तीच हाय. सून म्हणती, "मामा, मधी सरकून झोपा, कडेवरनं पडाल."

न्हाय सरकत.