आबांची टर्बोची जोडी

समोर फिरणारी कुठलीही वस्तू आली, की आबा तिला बोटानं टिचकी द्यायचे आणि कान जवळ नेऊन ती थांबेपर्यंत ऐकत राहायचे. सायकलचं चाक, टेबलफॅन, एकदा तर माझ्या खुर्चीचं चाक. मग म्हणायचे, "समदं बोलतं. आपन ऐकत न्हाई."

मांजरसुंब्याच्या अलीकडे हायवेला त्यांचा पेट्रोल पंप. तिथल्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचे. इंग्रजी शाळेत शिकले म्हणून ही नोकरी मिळाली, आणि त्याच शाळेमुळे माझ्या मराठीला लोक हसायचे. त्यामुळे मी बहुतेक गप्पच असे. आबांनी मला कधी "बोल की" म्हटलं नाही.

पांढरा शर्ट, धोतर, साठी उलटलेली, घरात ऊस आणि राजकारण. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण आबांच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार होती. गावच्या रस्त्यावर ती कधीच आली नाही. थंडीत ती ट्रकवर चढून तमिळनाडूतल्या रेसच्या ट्रॅकवर जायची आणि तिथं आबा ती चालवायचे. रेसच्या सूटमधला त्यांचा फोटो पाहुण्यांना दाखवायला त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, बंदी होती.

रेसच्या एका हंगामात एका वळणातून बाहेर पडताना गाडी गरगर फिरून गवतात गेली. आबांना खरचटलंही नाही. पण काकूंनी एकदाच सांगितलं, "आता आनिक एकदा फिरली, की म्या ती इकून टाकनार." काकू फार बोलत नसत, आणि बोललेलं मागं घेत नसत.

त्याच फेरीत इंजिनाच्या दोन टर्बोंपैकी एक कुरकुरायला लागला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनाला जास्तीची हवा पाजणारा पंखा. पुण्याचा मेकॅनिक म्हणाला, बदलायचे तर दोन्ही बदला, आणि आधीच्यापेक्षा दमदार घ्या. दोन जोड्या मिळत होत्या, एक मोठी आणि एक मध्यम.

"आबा, घ्यायची तर मोठीच घ्या," त्यांचा पुतण्या म्हणाला. "लोक काय म्हनतील?"

"बॉनेटखाली कोन वाकून बघतंय बे?"

पुतण्या गेल्यावर मी विचारलं, "मोठी का नको?" आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी आपणहून काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

"बैलजोडी घेताना कधी बघितलं का, माय? नुसतं अंग बघून घेत न्हाईत. भरल्या गाडीला जुपायची आन् उठाव बघायचा. काही जोड्या नुसत्या उभ्या राहत्यात, आन् मंग एकदम हिसका देत्यात. वळनातून निघताना हिसका बसला, की गाडी फिरली. बेंगळुरूच्या दुकानदाराला इचार, हे उठाव कवा घेत्यात."

मी फोन लावला. तो माणूस फक्त जास्तीत जास्त ताकद किती तेवढंच सांगत राहिला. मी आभार मानून फोन ठेवला.

"सांगितलं?"

"नाही."

"मंग परत लाव."

मी परत लावला. इंजिन कुठल्या वेगावर आलं की टर्बो दम धरतात, हे दोनदा विचारलं. शेवटी त्यानं दोन्ही जोड्यांचे आलेख पाठवले. मोठीची रेघ बराच वेळ आडवी पडून होती आणि मग भिंतीसारखी उभी राहिली होती. मध्यम जोडीची लवकर उठून आपल्या घाटासारखी चढत गेली होती. आबांनी स्क्रीनवर बोट ठेवून घाट चढला.

"ही."

जोडी आली तेव्हा काकूंनी ओसरीवर पाट मांडला. हळदकुंकू, अक्षता, नारळ. पुतण्या, पंपावरची माणसं, सगळे जमले. आबांनी एका टर्बोला टिचकी दिली, ऐकलं, मान हलवली. मग दुसऱ्याला.

दुसऱ्यातून मला 'खर्र' असं बारीकसं ऐकू आलं. आबांच्या चेहऱ्यावर मात्र समाधान होतं.

इंजिनात तो पंखा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. आत काही असलं तर पंख्याची पाती तुटणार, आणि ती ट्रॅकवर तुटली तर गाडी फिरून हातचीही जाणार. पण इतक्या माणसांत, तेही काकूंच्या पूजेत?

"आबा, दुसरा परत फिरवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबांनी टिचकी दिली.

"काय हाय?"

"आवाज येतोय."

"मला न्हाई येत."

त्यांनी टर्बो पालथा करून हळूच ठोकला. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा पाटावर पडला. पुतण्या हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा टिचकी दिली, आधी या कानाशी धरलं, मग त्या. दोन्हीकडे बराच वेळ.

"देवाची अक्षता हाय," काकू म्हणाल्या. "तिनं काय व्हतंय?"

"देवाची हाय म्हनूनच भाईर आली," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "आन् मी म्हनत व्हतो, मी ऐकतो."

त्या थंडीत ते ट्रॅकवरून परतले आणि उंबऱ्यातूनच काकूंना म्हणाले, "फिरली न्हाई." काकूंनी फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्यानंतर आबा टिचकी द्यायचे आणि वस्तू माझ्या कानाशी धरायचे. "सांग, काय म्हनती?" आधी मी "ठीक आहे" एवढंच म्हणायचे. पुढं पुढं बरंच सांगायला लागले.

गेल्या वर्षी पोळ्यानंतर आबा गेले. गाडीला गिऱ्हाइकं आली. काकूंनी सगळ्यांना परत पाठवलं. "फिरली आसती तर इकली आसती," म्हणाल्या.

परवा त्यांनी मला शेडमध्ये बोलावलं. फळीवर गाडीतून काढलेली टर्बोची जुनी जोडी तशीच होती. काकूंनी पदरानं एकावरची धूळ पुसली, बोटानं टिचकी दिली आणि तो माझ्या कानाशी धरला.

"काय म्हनती गं?"

"कुरकुरतोय," मी म्हटलं.

तो थांबेपर्यंत आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.