सुधीरचा ड्रॅगन आणि आमची पात्रं

किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप जमतात. भिवंडीत सकाळी खिडकी पुसली तरी संध्याकाळी तिच्यावर सुताची बारीक कुसं बसलेली असतातच, तसे. नव्वद सालाच्या आसपास आम्ही काही वाढलेले घोडे दर शुक्रवारी सुधीरच्या घरी एक खेळ खेळायचो. खेळ कधीच नीट झाला नाही. किस्से मात्र पोत्याने झाले.

सुधीर बँकेत क्लार्क. त्याचा मावसभाऊ बोटीवर होता, त्याने बाहेरून एक इंग्रजी पुस्तक आणून दिलं. जादूगार, तलवारी, ड्रॅगन, सगळा मसाला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्यातली पात्रं होऊन 'आता मी हे करतो' म्हणायचं. केलेलं जमलं की फसलं, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरायचं. तसा फासा आमच्याकडे कुठून येणार? मग हाऊजीचे एक ते वीस आकडे कापडी पिशवीत घातले आणि त्यातून काढू लागलो.

शुक्रवार अशासाठी, की त्या दिवशी गावातले यंत्रमाग बंद. एकमेकांचं बोलणं न ओरडता ऐकू यायचं.

गोष्ट सांगणारा अर्थात सुधीर. शेवट त्याने आधीच लिहून ठेवला होता. डोंगरमाथ्यावर ड्रॅगन, तुंबळ लढाई, आमचा विजय. आम्हाला त्या माथ्यापर्यंत नेणं एवढंच काय ते त्याचं काम होतं, आणि त्यातच त्याची दोन वर्षं गेली.

०

पहिल्याच शुक्रवारी सुधीरने प्रत्येकाला विचारलं, "तुझ्या पात्राला हवंय काय? हेतू सांग. हेतूशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही."

दत्तू पाटील योद्धा झाला होता. दत्तू जवळच्या अंजूर गावचा, भातशेती आणि दोन रिक्षा. तो म्हणाला, "मना काय नको."

"तुला नाही रे, तुझ्या योद्ध्याला."

"त्याला पन काय नको. घर हाय, शेत हाय, त्याचं बरं चाललंय."

सुधीरने राजाचं बोलावणं धाडलं, योद्धा गेला नाही. स्वप्नात देवी आणली, योद्ध्याने नमस्कार केला आणि कूस बदलली. संध्याकाळ संपत आली तरी योद्धा ओटीवरच.

शेवटी शैलावहिनी, म्हणजे सुधीरची बायको, चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "दत्तूभाऊ, कोणीतरी तुमच्या योद्ध्याचा बांध कोरतंय."

"कोन?" म्हणत दत्तू ताठ बसला आणि आमची मोहीम निघाली.

०

नजीर सुताचा दलाल. त्याने जादूगार निवडला, पण मंत्र एकही वापरायचा नाही. "माल शेवटपर्यंत हातात ठेवायचा," हे त्याचं तत्त्व.

खिंडीत दरोडेखोरांनी आम्हाला घेरलं. सुधीरने आवाज चढवून वर्णन केलं, काळे फेटे, नागव्या तलवारी, सुटका नाही. नजीरने पानाची पुडी बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुम्हारा सेठ कौन है?"

"नजीर, लढाई आहे ही!"

"हां, लेकिन सेठ तो होगा."

सुधीरला नाइलाजाने दरोडेखोरांचा सरदार काढावा लागला. नजीरने त्याला असं काही बोलण्यात गुंतवलं, की रात्रीचं जेवण दरोडेखोरांनीच दिलं आणि सकाळी सगळी टोळी आमच्याबरोबर निघाली. पुढे कित्येक शुक्रवार त्या टोळीला खाऊ घालणं, झोपवणं, त्यांची भांडणं मिटवणं सुधीरच्या गळ्यात पडलं. त्यातला एक आजारीही पडला.

०

मी शाळामास्तर. जन्मभर मुलांना 'खरं बोला' सांगितलं, म्हणून खेळात हौसेने चोर झालो.

एका जहागीरदाराचा वाडा. सुधीर म्हणाला, "दार उघडं आहे. आत कोणी नाही. समोर रत्नजडित खंजीर. काय करतोस?"

मी विचार केला आणि म्हणालो, "हाक मारतो."

"कशाला?"

"उघड्या घरात असं कसं शिरायचं? कोणी आहे का घरात, म्हणून विचारतो."

पहारेकरी धावत आले आणि मला बडवून काढलं. वहिनी खेळात वैदीण होत्या, जखमी झालेल्यांना मुळ्या उगाळून द्यायच्या. मला मुळी देताना म्हणाल्या, "भावजी, आता तक्रारही त्यांच्याकडेच नोंदवून या."

०

सुधीर आम्हाला नेहमी निवड द्यायचा. दोन वाटा, दोन दारं, दोन म्हातारे. "तुम्ही ठरवा. खेळ तुमचा आहे," असं उदारपणे म्हणायचा. आम्हीही तास-तास वाद घालून ठरवायचो.

एकदा आम्ही डावी वाट घेतली आणि मोडक्या पुलापाशी पोचलो. वहिनींनी सहज विचारलं, "अहो, उजवीकडून गेलो असतो तर?"

सुधीर प्रामाणिक माणूस. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "तर... मोडका पूल."

"मला वाटलंच," वहिनी आमच्याकडे वळून म्हणाल्या. "रविवारी नाश्ता हे करतात. पोहे की उपमा, म्हणून विचारतात. मी आत जाऊन बघते, तर रवा भाजून तयार!"

०

मोठा घोळ झाला राजकन्येचा. मनोऱ्यात राजकन्या कोंडलेली, किल्ली दत्तूच्या योद्ध्याच्या हातात. वातावरण तयार व्हावं म्हणून सुधीर म्हणाला, "बाहेर मुसळधार पाऊस."

दत्तू चमकला. "पाऊस कदीपासून पडतोय?"

"चार-सहा दिवस झाले असतील. का?"

"मंग मी घरी चाललो. आवणी हाय."

भाताची रोपं लावायचे ते दिवस, हे सुधीरला कळत होतं. तो समजावू लागला, "अरे, ही गोष्ट आहे. तिथे आवणी नसते."

"पाऊस हाय आन आवणी न्हाय? मंग तितली मानसं खातात काय?"

सुधीरने उत्तरासाठी पुस्तक चाळलं, त्यातही नव्हतं. वहिनींनी तोडगा काढला, की राजकन्येला सोडवा आणि बरोबरच न्या, तेवढेच दोन हात. राजकन्येने आवणी केली आणि दत्तू म्हणाला, की पोरगी कामाला चांगली आहे. मग तिला राजवाड्यात परत धाडायला तो काही केल्या तयार होईना. राजा वाट बघत बसला असेल बिचारा.

०

अशात सुधीरची बढती निघाली. बँकेतल्या माणसांना यातली मेख ठाऊक असते. ऑफिसर व्हायचं तर गाव सोडायचं, आणि गाव सोडायचं नसेल तर बढती नाकारून क्लार्कच राहायचं. आमच्या ओळखीतले निम्मे लोक असेच नाकारून सुखाने म्हातारे झाले होते. सुधीरला गोंदियाकडची शाखा मिळत होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

त्याने एकेकाला गाठून विचारलं. मी म्हणालो, जा. नजीर म्हणाला, "जाओ, साब बनो," आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "वैसे यहाँ क्या बुरा है?" दत्तू रिक्षा पुसत राहिला. वहिनींचं एकच म्हणणं, "मी दोन्हीकडे राहीन. पण ठरवा तुम्ही." सुधीरचं काही ठरेना. आम्हाला दोन वर्षं हेतू विचारणारा माणूस, स्वतःचा हेतू विचारला की चष्मा पुसत बसायचा.

मला मात्र आतून वाटत होतं, त्याने जाऊ नये. हे मी त्याला सांगितलं नाही.

सोमवारच्या आधीच्या शुक्रवारी तो म्हणाला, "आज काहीही होवो, माथा गाठायचा." आणि खरंच गाठला. दरोडेखोरांना पायथ्याशी बसवलं, राजकन्येला शेतावर ठेवलं आणि आम्ही चौघे वर गेलो. सुधीरने ड्रॅगन उभा केला तो मात्र झकास. झाडाएवढे पंख, धुमसतं नाक.

"काय करता?" सुधीरने विचारलं.

मी तलवारीला हात घातला. नजीर म्हणाला, आज तो मंत्र वापरणार. पण दत्तू पुढे सरकला आणि ड्रॅगनला म्हणाला, "येवढं पंख हाईत तुला. मंग हितंच कशाला बसून ऱ्हायलास?"

ड्रॅगनला कोणी काही विचारेल, हे सुधीरच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याने लिहिलेला कागद उलटला, सुलटा केला, खाली ठेवला. मग ड्रॅगनच्या नाही, आपल्याच साध्या आवाजात म्हणाला, "इथं मला सगळे ओळखतात."

वहिनींनी आकड्यांची पिशवी त्याच्यापुढे सरकवली. गोष्ट सांगणाऱ्याने आकडा काढायची आमच्यात पद्धत नव्हती. त्याने पिशवीत हात घातला, काही वेळ तसाच ठेवला आणि रिकामाच बाहेर काढला.

"आकडा नको," तो म्हणाला. "ड्रॅगन उडतो. सोमवारी."

नजीर खिडकीबाहेर बघायला लागला. मीही. दत्तूने सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाला, "आन मंग आमी हितं डोंगरावं काय करू?"