तीस हजार एकतीस

मुलांनो, आजोबांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर फोनवर तुम्हाला "सगळं ठीक आहे" असं सांगितलं, ते पूर्ण खरं नव्हतं. खुबा व्यवस्थित होता. पण तीन दिवस ते गोंधळलेले होते. वार विचारला तर गप्प. मला एकदा "अहो सिस्टर" म्हणाले. डॉक्टरांच्या मते भुलीनंतर या वयात असं होतं, बहुतेकांचं जातं. "बहुतेकांचं" हा शब्द मला आवडला नाही.

आम्हा दोघांची एक जुनी सवय तुम्हाला माहीत नसेल. बिबवेवाडीहून स्वारगेटला जाताना बसच्या तिकिटाचा नंबर कशाने भागला जातो, हे आम्ही तोंडी शोधायचो. आधी सापडेल त्याला खिडकी. बहुतेक वेळा मी आतल्या बाजूला बसले.

चौथ्या दुपारी त्यांच्या फाइलवरचा क्रमांक मी नीट पाहिला: ३००३१. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार तीस हजार तीस. त्यात एक मिळवला की या सहांपैकी कशानेही भागा, बाकी एकच उरते.

"अहो, तुमचा नंबर मूळ संख्या आहे," मी म्हटलं. मूळ म्हणजे तुमची प्राइम. ते छताकडे बघत होते. मी पेपर उघडला.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "एकोणसाठ."

खाटेचा नंबर बारा होता. मला वाटलं, पुन्हा भरकटले.

"एकोणसाठ काय?"

"भाग जातो."

औषधांच्या चिठ्ठीमागे भागाकार मांडला. पाचशे नऊ, बाकी शून्य. सहा लहान संख्यांनी भाग जात नाही, म्हणून कशानेच जात नाही, असं मी धरून चालले होते.

"शाळेत असंच शिकवत होतीस?"

मी चष्मा पुसत राहिले. तेवढ्यात सिस्टर आल्या. "आजी, बरं नाही का वाटत?"

"तिला काही झालेलं नाही," आजोबा म्हणाले. "तिचं गणित चुकलंय."

त्या गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "पाचशे नऊ तपासलंस?"

"नाही."

"मग तपास. तेविसाचा वर्ग पाचशे एकोणतीस, तेव्हा एकोणिसाशी थांब."

मी सातापासून मोठ्याने सुरुवात केली. प्रत्येक बाकी ते माझ्या आधी सांगत होते.