दहावं नाव

प्रभाकर रोज सकाळी ट्रंक उघडून तिच्या झाकणाला नमस्कार करायचा. झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने एक कागद चिकटवला होता. देवाचा फोटो नव्हे, स्वतःच्याच अक्षरातले तीन रकाने. आवडी, तत्त्वे आणि ध्येये. आवडींत वक्तृत्व, वाचन आणि टापटीप. तत्त्वांत सत्य, त्याग आणि मातृभाषा. ध्येयांत सरकारी अधिकारी, गिरगावात स्वतःचं बिऱ्हाड आणि गावात शाळा. हे सगळं तो मोठ्याने वाचायचा, आणि पाणी जाईल म्हणून बादल्या घेऊन नळावर पळणारे आम्ही तेरा जण रोज ऐकायचो. मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण एवढं मला तेव्हाही कळत होतं की ज्याला आपली तत्त्वं रोज वाचून बघावी लागतात, त्याला ती पाठ नाहीत.

लालबागला आमची गावकीची खोली होती. एकाच गावचे तेरा गिरणी कामगार. ज्याची पाळी तो गिरणीत, बाकीचे जमिनीवर आडवे. प्रभाकर आमच्या गावच्या मास्तरांचा मुलगा, कॉलेजात शिकायला आला. मास्तरांच्या शब्दाखातर दिव्याखालची जागा आम्ही त्याला दिली. त्याच्या अभ्यासापायी गुरुवारचं भजन खोलीतून बाहेर गॅलरीत गेलं, तिथेही त्रास होतो म्हणाला तेव्हा आम्ही मृदंगाला फडकं गुंडाळलं. दोन वर्षं आमच्या विठोबाने भजन दबक्या आवाजात ऐकलं. का, तर प्रभाकर साहेब होणार.

टापटिपीची आवड मात्र खरी होती. पितळी तांब्यात निखारे भरायचा आणि त्या तांब्याने पाटलोण दाबत बसायचा. निखारे कुठले, तर खालच्या जनाक्काच्या खानावळीतले. जनाक्का म्हणायची, "माझे निखारे तुझ्या पाटलोणीत गेले, आता भाकरी काय तुझ्या भाषणावर भाजू?" त्यावर प्रभाकर शांतपणे सांगे, "आक्का, माणसाची घडी नीट असावी. तत्त्वाचा प्रश्न आहे." त्याचा प्रत्येक प्रश्न तत्त्वाचाच असायचा. खोलीत सुकट भाजायची नाही, अभ्यासाला वास येतो, तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि ती भाजून ताटात पडली की पहिला हात त्याचा.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. नाक्यावरच्या फळ्यावर रोज नवी बातमी खडूने लिहिलेली असायची. गिरणी सुटली की माणसं आधी फळा वाचत, मग घरी जात. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मी अक्षर अक्षर लावून वाचून दाखवायचो. प्रभाकरला आता आरशासमोर भाषण करणं पुरेना, तो सभेत बोलू लागला. बोलायचा झकास, खोटं कशाला सांगू? "मुंबई आमच्या घामाची आहे," असं तो म्हणाला की माझ्या अंगावर काटा यायचा. घाम त्याचा नव्हता हे ध्यानात यायचं नाही.

आमच्या चाळीतून सत्याग्रहाची दहा माणसांची तुकडी जायची ठरली. बंदी मोडायची, पोलीस धरतील, तुरुंगात जायचं. संध्याकाळच्या सभेत प्रभाकर उठला आणि म्हणाला, "पहिलं नाव माझं लिहा." टाळ्या थांबेनात. त्याच्यामागून आमच्या खोलीतला गोपाळ उठला, मग बाकीचे. फळ्यावर दहा नावं चढली. माझं त्यात नव्हतं. माझी म्हातारी आई गावाला अंथरुणाला खिळलेली, मी भाषणं ऐकून उडी मारणारा नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना बायकांनी दहाही जणांना ओवाळलं. जनाक्काने प्रभाकरला कुंकू लावलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. माझी दुपारपाळी होती म्हणून मी थोडं पुढपर्यंत पोचवायला निघालो. घोषणा सगळ्यांत मोठ्या प्रभाकरच्या. भायखळ्याला वळलो तसा तो मागे मागे राहत माझ्या शेजारी आला.

"तात्या, माझा आज पेपर आहे हो. अकरा वाजता."

"आज? मग काल का सांगितलं नाहीस?"

"काल टाळ्या पडत होत्या. कसं सांगणार?"

"आणि सकाळी ओवाळून घेतलंस ते?"

तर म्हणतो, "तात्या, तुरुंगात काय कोणीही जातं. परीक्षेला मलाच बसावं लागणार ना?" असं म्हणून त्याने गळ्यातला हार काढला, माझ्या हातात दिला आणि इस्त्रीची घडी सांभाळत गल्लीत शिरला. ती पाठ मला अजून दिसते. पळत नव्हता. पळाला असता तर मी त्याला भित्रा म्हणून सोडून दिलं असतं.

मी हार गळ्यात घातला. दुसरं करणार काय? फळ्यावर दहा लिहिलं ते दहा. नऊच माणसं गेली असती तर समोरच्या चाळीने आम्हाला वर्षभर सुखाने जेवू दिलं नसतं. गोपाळ म्हणाला, "अरे तात्या, तुझी पाळी आसा मा?" मी म्हटलं, "चल गपचूप."

पोलिसांनी धरलं, नावं लिहायला बसले. हवालदार आपलाच, घाटावरचा. मी नाव सांगितलं ते प्रभाकरचं, फळ्यावरचं.

"वय?"

"एकोणीस."

"धंदा?"

"कॉलेजात शिकतो."

त्याने माझ्या मिशांकडे बघितलं. "बरंच शिकलेला दिसतोस," म्हणाला, आणि लिहून घेतलं.

तीन आठवडे आत होतो. सुटून आलो तर गिरणीत माझ्या मागांवर दुसरा माणूस उभा होता. पुढचं वर्षभर मी बदली कामगार म्हणून रोज गेटवर ताटकळलो. त्याचं मला काही नाही, ते मी माझ्या मर्जीने केलं. प्रभाकर मात्र पहिल्या वर्गात पास झाला आणि पेढे घेऊन आला. "तात्या, तुमचे उपकार," वगैरे. मी पेढा खाल्ला नाही.

काही महिन्यांनी तो पांढराफटक होऊन खानावळीत माझ्याकडे आला. सरकारी नोकरीचा हुकूम निघायचा होता आणि पोलिसांच्या कागदात त्याच्या नावावर तुरुंग निघाला होता.

"तात्या, तुम्ही माझं नाव सांगितलंत?"

"फळ्यावर तुझंच होतं."

"अहो, माझं आयुष्य बरबाद होईल! चौकीत चला, सांगा की मी नव्हतो म्हणून."

जनाक्का पिठाचे हात तसेच ठेवून उभी राहिली. "तुका लाज वाटता की नाय रे? ह्याची रोजी गेली ती तुझ्यापायी."

मी म्हटलं, "चौकीत जाऊन मी खोटं बोललो असं सांगणार नाही. तू जा आणि खरं ते सांग. सत्य आहे ना तुझ्या कागदावर?"

गेला, आणि खरंच सांगितलं त्याने. कॉलेजातून पत्र आणलं की त्या दिवशी हा मुलगा परीक्षेच्या खोलीत बसला होता. आपण सत्याग्रही नाही, चळवळीशी आपला संबंध नाही, असं स्वतः लिहून दिलं, सहीनिशी. नोकरी लागली. ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन तो गिरगावला राहायला गेला. त्या गुरुवारी आम्ही मृदंगाचं फडकं सोडलं.

महाराष्ट्र झाला. मुंबई मिळाली. लालबागला माणसं वेड्यासारखी नाचली, मीही नाचलो. पुढे गिरगावात एका सभागृहात सत्याग्रहींचा सत्कार ठरला आणि आठ दिवस आधी प्रभाकर खोलीवर हजर. अंगाने सुटला होता. आमच्या फळ्याची यादी कोणीतरी उतरवून ठेवली होती आणि तिच्यात पहिलं नाव त्याचं.

"नाही म्हणणं बरं दिसत नाही, तात्या. हल्ली आमचे साहेबही विचारतात, चळवळीत होता का म्हणून. बोलायचंही मलाच आहे." आणि खिशातून फाउंटन पेन काढून विचारतो, "आत जेवण काय असायचं हो?"

मी सांगितलं. पातळ आमटी, तिच्यातले खडे, रात्री गोपाळला भरलेला ताप, आम्ही त्याच्या अंगावर टाकलेली पाच जणांची धोतरं, सगळं सांगितलं. जनाक्का नंतर माझ्यावर फार भडकली. पण तो कसाही बोलणारच होता. माझा तुरुंग निदान नीट बोलला जावा, एवढंच मी बघितलं.

सत्काराला मी मागे उभा होतो. गोपाळ आणि बाकीचे आठ जण शाल-नारळ घेऊन मंचावर, दहाव्या खुर्चीत प्रभाकर. उठून बोलला. गोपाळच्या तापाची गोष्ट अशी सांगितली की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसू लागल्या. पाच धोतरांतलं एक आता त्याचं झालं होतं. सरकारी फाइलीत हा परीक्षेला बसलेला आणि मंचावर तुरुंगात बसलेला, तोही एकाच दिवशी. गोपाळने मंचावरून माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं असतं तर ते नऊही जण उभे राहिले असते आणि साहेबाची घडी तिथल्या तिथे मोडली असती. मी मान हलवून नको म्हटलं. माझा तुरुंग त्याच्या नावावर मी माझ्या तोंडाने दिला होता. दिलेलं परत मागायची आमच्याकडे रीत नाही, घेणारा कसलाही निघो.

कार्यक्रम संपल्यावर तो गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आला. मागे त्याचे साहेब, साहेबांची मंडळी. "हे आमचे तात्या," म्हणाला, "ह्यांनीच मला घडवलं." आणि चारचौघांत माझ्या पाया पडायला वाकला.

मी पाय मागे घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला. मग जमिनीवर काही पडलं असावं तसं त्याने हाताने चाचपून बघितलं, काही सापडलं नाही असं तोंड केलं आणि उठून माणसांत मिसळला. मी चालत लालबागला आलो.