अक्कल गुडघ्यात कुणाची?

मैत्रिणींनो, आज औरंगपुऱ्यातून लेकीसाठी मज्जासंस्थेचा तक्ता आणला, साठ रुपयांना. मी दहावीपर्यंतच शिकलेली असले तरी तिचा अभ्यास मीच घेते.

दुपारी चहाला आलेले दीर तिच्यासमोरच म्हणाले, "वहिनी काय शिकवणार? बायकांची अक्कल गुडघ्यात!"

बारा वर्षं हेच ऐकतेय. सूड देवावर सोपवावा म्हणतात. आज नाय सोपवला.

"भावजी, पायावर पाय टाकून बसा." त्यांच्या गुडघ्याच्या वाटीखाली लाटणं टिचकन मारलं. तंगडी उडाली, चहा पांढऱ्या शर्टावर.

"वहिनी, काय हे!"

लेकीला म्हटलं, "बघ, मज्जातंतूंनी खबर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला दिली, त्यानंच पाय उडवला. काकांच्या मेंदूला कुणी विचारलंसुद्धा नाय."

लेक लई हसली. भावजी चपला घालून गेले.

माझं जास्त झालं का? उलट टपाली कळवा. माफी मात्र मागणार नाय.