बाणाची पिशवी

फोन आला तेव्हा मी मोहोपाड्याच्या शाळेत फळ्यावर पपई काढत होते. "ताई गेली गं," एवढंच आमचे हे म्हणाले. मी पपई पुरी केली, बियांसकट, आणि मग खाली बसले. याला आता दीड महिना झाला...

ताई म्हणजे माझ्या वन्सं. कर्जतला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि उरलेला सगळा वेळ गोगलगायींच्या एका कुळाला द्यायच्या. माझ्या पहिल्याच दिवाळीत त्यांनी चिरलेली गोगलगाय पुढ्यात ठेवली. "तुझा हात चांगला आहे, हे काढ." मी म्हटलं, "अहो, शंख काढते की, किती सुंदर आहे!" तर फटकन म्हणाल्या, "तुझ्या शाळेतली पोरं एका गणवेशात असतात, म्हणून काय सगळी भावंडं? आत बघ." तेव्हापासून वीस वर्षं त्या कापत होत्या आणि मी काढत होते. इतकी आतडी काढलेली दुसरी चित्रकलेची बाई जिल्ह्यात नसेल.

त्यांचा एकच ध्यास राहून गेला. लोधिवलीच्या बांधावरची गोगलगाय आणि कशेळ्याच्या वरच्या वाडीतली, शंखावरून अगदी जुळ्या. पण लोधिवलीच्या गोगलगायीत जननेंद्रियाला लागून एक इवलीशी पिशवी असते. जोडी जमताना टोचायचा बाण तिच्यात असतो. वाडीतल्या ज्या दोघी वन्संनी कापल्या, त्यांच्यात ती सापडली नाही. म्हणजे कुळ तेच, पण प्रजाती वेगळी, नवीकोरी! फक्त त्या दोघी अर्धवट वाढलेल्या होत्या, आणि वाढ पुरी होईपर्यंत ती पिशवी दिसतच नाही. खात्रीसाठी पूर्ण वाढलेली हवी होती.

गेल्या पावसाळ्यात वन्सं अंथरुणाला खिळल्या, म्हणून मी जाऊन आणल्या. उकळून गार केलेल्या पाण्यात गोगलगाय ठेवायची, बरणी काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून. ती अंग सैल सोडून मरते, मगच स्पिरिटमध्ये घालायची. मला ते बघवेना. शंखाबाहेर येऊन ती चाचपडत राहते हो... मी सरळ स्पिरिटमध्ये टाकल्या, सुटतील बिचाऱ्या म्हणून. सगळ्या शंखात आकसून दगड झाल्या. वन्सं ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुला दया आली, ठीक आहे. पण त्या मेल्या त्या मेल्याच, आणि आपल्याला कळलं काहीच नाही."

परवाच्या रविवारी मी जीपने कशेळं गाठलं आणि वाडीत चढले. वन्संना गोगलगायी शोधून देणारी हिराबाई ओट्यावर बसली होती. "बाय नाय आल्या?" मी सांगितलं. ती कोयता घेऊन उठली. "चला. मोठाल्या हायेत, तुमाला दावते."

तीन आणल्या. बरणी काठोकाठ भरली आणि या वेळी मान फिरवली नाही. मग वन्संच्या खोलीत, त्यांच्या खिडकीजवळच्या टेबलावर बसले. पहिली माझ्या हातून फाटली. रडले, स्वतःला चार शिव्या घातल्या, दुसरी घेतली. भिंगाखाली सगळं नीट उलगडलं. पिशवी होती. चांगली टपोरी. तिसरीतही होती.

बराच वेळ पेन्सिल धरून बसले. तेवढी एक रेघ गाळली असती तर कुणाला कळणार होतं? वन्संच्या नावावर एक नवी प्रजाती राहिली असती... छे! मी पिशवी कागदावर काढली, होती तेवढीच, बाणासकट. खाली लिहिलं, प्रजाती लोधिवलीचीच. चित्राखाली आम्ही नेहमी दोघींची नावं घालायचो, कापणारीचं आणि काढणारीचं. या वेळी दोन्हीकडे माझंच लिहावं लागलं.