स्टेशनसमोरची थाओ मावशी

चिनचौ स्टेशनसमोर थाओ मावशीचं दुकान आहे. शिलाई मशीनचे सुटे भाग विकत मी गावोगाव हिंडतो आणि गाडी बदलायच्या निमित्ताने तिथे जेवतो. खरं सांगायचं तर तिचे ज्याओझ खाण्यासाठीच मी तिथे गाडी बदलतो. काय ती बोटं! पातळ पारी, त्यात डुकराचं मटण आणि आंबवलेला कोबी, एक चिमटा, की झाला करंजीहून नेटका ज्याओझ. नजर मात्र गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

"काय रे मा, आज लसूण नको? बायकोला घाबरतोस वाटतं!" मा नावाच्या गिऱ्हाइकाला ती चिडवते.

इतकी वर्षं पाहतोय, तरी माझा आ वासलेलाच राहतो.

आमच्या उत्तरेत प्रवासाला निघालेल्याला ज्याओझ खाऊ घालतात आणि परतलेल्याला नूडल्स. स्टेशनसमोर सगळे निघणारेच, म्हणून मावशीकडे नूडल्स मिळत नाहीत.

एका दुपारी दुकान गच्च भरलं होतं. दारात दाढी वाढलेला एक माणूस बॅग घेऊन उभा राहिला. तिचा मुलगा, यूनफंग. बोटीवरच्या नोकरीला आई आडवी आली, तेव्हा तो भरल्या ताटावरून उठून गेला होता. त्या गोष्टीला पाच वर्षं झाली होती.

"आई, भूक लागलीय. एक थाळी दे."

"ज्याओझ मिळणार नाहीत."

"मग हे काय? परातभर पडलेत की!"

"ते जाणाऱ्यांचे. तू बस गप."

तिने पाऱ्यांची कणीक गोळा केली, लाटली आणि सुरीने सरसर नूडल्स कापले. आमच्या थाळ्या खोळंबल्या. यूनफंगने वाडगा चाटूनपुसून संपवला आणि मग हळूच म्हणाला, "उद्या सकाळी जायचंय. बोट तालियन बंदरात लागलीय."

"उद्याही नूडल्सच मिळतील," मावशी म्हणाली. "आणि परवाही."

मायलेकांचं भांडण होऊन हा पुन्हा उपाशीच जाणार, या धास्तीने मी स्टेशनजवळच मुक्काम केला. सकाळी गेलो, तर यूनफंग बॅग घेऊन दारात उभा.

"येतो आई."

तो वळला.

"बस आधी," ती म्हणाली आणि तिने त्याच्यापुढे थाळी ठेवली. वाफाळलेले ज्याओझ, प्रत्येकाच्या कडेला बारीक मुरड. इतके देखणे मी जन्मात पाहिले नव्हते. पहाटेपासून बसली असणार. मला भडभडून आलं.

यूनफंगचे डोळे भरले. "आई, तू तर म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. उपाशी गेलास ना, तेव्हापासून मला एक घास गोड लागला नाही. खा पोटभर."

तो खात राहिला. ती समोर बसली होती.

"आटप लवकर, गाडी चुकेल," ती त्याच्यावर खेकसली. बॅगेचा पट्टा मात्र तिने मुठीत घट्ट धरून ठेवला होता.